लास्ट टँगो इन पॅरिस : नाव नको म्हणणारा पॉल आणि मारिया श्नायडर

रानजाई

आधीच सांगते, शेवटासकट सगळं लिहिलंय, ज्यांना बघायचाय त्यांनी बघून मग या.

बर्नार्डो बर्तोलुच्चीचा हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पुण्यात मैत्रिणीच्या भावाच्या रूमवर, कुणीतरी आणलेल्या सीडीवर, आम्ही आठ-दहा जण दाटीवाटीनं बसलेलो. लोण्याचा "तो" सीन, पॉल लोणी वापरून त्या मुलीवर जबरदस्ती करतो तो, आला तेव्हा मागची दोन मुलं हसली, एक जण रिवाइंड कर म्हणाला, आणि केलं पण रिवाइंड. मी काही बोलले नाही. त्या दिवसानंतर सिनेमातलं मला एवढंच आठवत होतं, बाकी कथा काय, तो माणूस एवढा का चिडलेला असतो, काहीच लक्षात राहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात एकटीनं परत पाहिला आणि दोन दिवस डोक्यातून गेला नाही म्हणून लिहायला बसलेय.

कथा थोडक्यात. पॅरिस, हिवाळा. पॉल (मार्लन ब्रँडो) नावाचा पंचेचाळिशीचा अमेरिकन माणूस, त्याच्या बायकोनं, रोझानं, नुकतीच आत्महत्या केलीय. दोघं मिळून एक स्वस्तातलं, कळकट हॉटेल चालवायचे, म्हणजे हॉटेल तिच्या माहेरचं, हा त्यात राहायला आलेला एक गिऱ्हाईक आणि मग तिथलाच झाला. सिनेमा सुरू होतो तेव्हा हा पुलाखाली उभा आहे, डोक्यावरून मेट्रो धडधडत जाते आणि हा कानावर हात ठेवून ओरडतो. शेजारून झान नावाची विशीची मुलगी जाते, मागे वळून बघते, पुढे जाते. मग भाड्यानं द्यायच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये दोघं योगायोगानं भेटतात आणि तिथंच सुरू होतं जे काय सुरू होतं ते. पॉलची अट एकच. नाव सांगायचं नाही, विचारायचं नाही, बाहेरचं जग या खोलीत आणायचं नाही.

तेव्हा मला ती अट फार भारी वाटलेली, एकदम स्वतंत्र वगैरे. आता बघताना कळलं की तो माणूस पळतोय. नाव सांगितलं की मागून सगळं येणार, बायको कुठंय, काय करते, कशी गेली. म्हणून दारच लावून घेतलंय. आणि आत मग प्रेम नाही, आधार नाही, त्या पोरीला तो जे काय करतो ते सगळं खरं तर कुणा दुसऱ्यावरचा राग आहे. तिच्यावर निघतोय कारण ती समोर आहे.

आता मला जे सांगायचंय ते. हॉटेलात रोझाचं प्रेत फुलांमध्ये ठेवलंय, आणि रात्री पॉल तिच्याशेजारी एकटा बसतो. आधी हळू आवाजात बोलतो, मग शिव्या द्यायला लागतो, घाणेरड्या शिव्या, तू खोटारडी, मला काहीच सांगितलं नाहीस, माणूस दोनशे वर्षं जगला तरी बायको म्हणजे कोण हे त्याला कळणार नाही, असं सगळं. आणि शिव्या देता देता रडायला लागतो, आणि तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी मेकअप केलेला असतो तो पुसायला लागतो, कारण जिवंतपणी ती असलं काही लावायची नाही. रुमाल भिजवून तिचं लिपस्टिक पुसणारा तो हात मी तीनदा मागे घेऊन पाहिला.

कारण हे मी घरी बघितलंय. माझी आई दीड वर्षापूर्वी गेली. तेराव्यानंतर कपाट आवरताना तिच्या साड्यांखाली एका प्लॅस्टिकच्या पिशवीत पावत्या सापडल्या, गाण्याच्या क्लासच्या, चार वर्षांच्या. आई दर गुरुवारी दुपारी मठात जाते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती गाणं शिकत होती. आणि बाबा, जे आई गेल्यावर एक थेंब रडले नव्हते, ते त्या पावत्या घेऊन तिच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहिले आणि जोरात ओरडले, मला सांगायला काय झालं होतं तुला? मी नको म्हटलं असतं का? आत्या धावत आली, गेलेल्या माणसावर असं ओरडतात का म्हणून. मला पण तेव्हा बाबांचा राग आला होता. पॉलला बघताना कळलं की ते रडणंच होतं.

सिनेमात पण असंच आहे. रोझाचा मित्र, मार्सेल, त्याच हॉटेलात वरच्या खोलीत राहतो, आणि पॉल त्याच्याकडे जातो तर दोघांच्या अंगात एकसारखे गाऊन. रोझानंच दोघांना दिलेले. मारामारी होईल असं वाटतं पण दोघं शेजारी बसून तिच्याबद्दल बोलतात. दोघांनाही ती माहीत नाही.

एवढं खरं दुःख मी फार कमी सिनेमांत पाहिलंय. आणि हाच सिनेमा बनवताना झानचं काम करणाऱ्या मारिया श्नायडर या मुलीचं जे केलं ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत असेल. हे दोन्ही एकत्र डोक्यात ठेवून कसं राहायचं हे मला समजत नाहीये.

सदाशिव_७१

रानजाई, मनापासून लिहिलंय तुम्ही, वडिलांचा प्रसंग वाचून थांबलो थोडा वेळ.

मी हा सिनेमा नव्वदच्या दशकात व्हीएचएसवर पाहिला, नंतर बऱ्याच वेळा. लोक फक्त त्या एका सीनबद्दल बोलतात आणि बाकीचं वाहून जातं याचं मला वाईट वाटतं. सुरुवातीच्या नावांच्या वेळी पडद्यावर फ्रान्सिस बेकनची दोन चित्रं आहेत, एक पुरुष एक बाई, मांस पिळून काढल्यासारखे चेहरे. त्या सुमाराला पॅरिसमध्ये बेकनचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, बर्तोलुच्ची छायालेखक स्तोरारोला आणि ब्रँडोला मुद्दाम तिथं घेऊन गेला. मला असा चेहरा हवाय, असं. आणि स्तोरारोचा तो नारिंगी उजेड, संध्याकाळचा, खोलीत ऊब असल्यासारखा वाटतो पण माणसं आत गोठलेली. संगीतकार गातो बार्बिएरीचा सॅक्सोफोन आहे तो वेगळाच.

आणि ब्रँडो. गोठा, गायीचं दूध काढायला लावणारा बाप, बुटाला शेण लागलेलं तसंच मुलीला भेटायला जावं लागलं, ही जी लहानपणीची गोष्ट पॉल सांगतो ती बरीचशी ब्रँडोची स्वतःची आहे. दारू पिणारी आई पण त्याचीच. नंतर आत्मचरित्रात त्यानं लिहिलंय की यापुढे सिनेमासाठी स्वतःला असं आतून मोडून घेणार नाही. माझं म्हणणं एवढंच की त्यात त्याचं पण रक्त सांडलंय.

दुसरं म्हणजे इतिहास विसरू नये. इटलीत डिसेंबर १९७२ ला लागला आणि लगेच जप्त झाला, खटला चालला, आणि १९७६ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. बर्तोलुच्चीला चार महिन्यांची निलंबित शिक्षा, पाच वर्षं मतदानाचा हक्क गेला. १९८७ मध्ये बंदी उठली. आता २०२४ च्या डिसेंबरमध्ये पॅरिसच्या सिनेमाथेकनं, म्हणजे तिथल्या सिनेमा संग्रहालयानं, ठरवलेला खेळ विरोध झाल्यावर रद्द केला. म्हणजे परत तिथंच आलो का आपण? मला काळजी वाटते.

रानजाई

सदाशिवकाका, प्रती जाळणारे वेगळे आणि आत्ताचे वेगळे हो. १९७६ च्या निकालात अश्लीलतेचा प्रश्न होता, मारियाला काय झालं हा नव्हता. तिला कुणी विचारलंच नव्हतं. २०२४ ला जे बोलले त्यांचं म्हणणं होतं की दाखवायचाच असेल तर त्या सीनमध्ये काय घडलं ते प्रेक्षकांना सांगा, तिचं नाव घ्या. मला ते पटतं. सिनेमा कपाटात बंद करा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः रात्री दीड वाजता एकटी बसून बघितलाय.

ब्रँडोचं रक्त सांडलं हे खरंय. पण त्यानं स्वतः सांडलं. तो ४७ वर्षांचा होता, जगप्रसिद्ध होता, नाही म्हणू शकत होता, काय द्यायचं काय नाही ते त्याच्या हातात होतं. ती १९ ची होती.

मंजिरी_क

काय झालं होतं ते एकदा सरळ लिहिते, कारण दोन्ही बाजूंनी अफवा फार आहेत. संभोग खरा नव्हता, अभिनयच होता, हे मारियानंही सांगितलंय. पण लोण्याची कल्पना शूटिंगच्या दिवशी सकाळी ब्रँडो आणि बर्तोलुच्ची यांनी आपसात ठरवली आणि तिला मुद्दाम पूर्ण सांगितलं नाही. हे बर्तोलुच्चीनं २०१३ मध्ये कॅमेऱ्यासमोर कबूल केलं, की मला नटीची नाही, एका मुलीची प्रतिक्रिया हवी होती, तिचा अपमान खरा हवा होता. आणि हेही म्हणाला की मला अपराधी वाटतं पण पश्चात्ताप नाही. तो व्हिडिओ २०१६ ला सगळीकडे फिरला तेव्हा त्यानं खुलासा केला की हिंसा पटकथेत होतीच, नवीन फक्त लोणी होतं.

पण मारियानं २००७ मध्येच सांगितलं होतं. पडद्यावर दिसतात ते माझे खरे अश्रू आहेत, दोघांनी मिळून माझ्यावर थोडा बलात्कारच केल्यासारखं वाटलं, आणि पटकथेत नसलेलं काही करायला लावता येत नाही, एजंटला किंवा वकिलाला सेटवर बोलवायला हवं होतं हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. हे तिनं सांगितलं तेव्हा जगात विशेष काही झालं नाही. नऊ वर्षांनी पुरुषाच्या तोंडून तेच आलं तेव्हा बातमी झाली, आणि तोवर ती कॅन्सरनं गेलेली, फेब्रुवारी २०११, ५८ वर्षांची. मला या सिनेमातलं सगळ्यात जास्त हे लागतं.

तिच्या चुलत बहिणीनं तिच्यावर पुस्तक लिहिलंय, त्यावरून "मारिया" नावाचा सिनेमा २०२४ ला कानच्या चित्रपट महोत्सवात दाखवला. तोही बघा. त्यात तो सेट तिच्या बाजूनं दिसतो.

सेनकाठी

मी पॅरिसमध्ये आहे, सहावं वर्ष, मूळ नाशिकचा. तो पूल बीर-हाकेमचा, मेट्रोची ६ नंबरची लाइन वरून जाते, पासी स्टेशन सोडलं की नदी लागते आणि बाजूला आयफेल टॉवर दिसतो. वर रूळ, खाली लोखंडी खांबांची लांबच लांब रांग आणि त्यातून चालायची वाट. मी रोज तिथून जातो. गाडी वरून जाताना खाली खरंच काही ऐकू येत नाही, एखादा माणूस जिवाच्या आकांतानं ओरडला तरी दोन हातांवरच्याला कळणार नाही. पहिल्या वर्षी माझे आजोबा गेले, तिकीट मिळालं नाही, व्हिडिओ कॉलवर बघितलं सगळं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना त्या खांबांखाली गाडी यायची वाट बघत थांबलो होतो. ओरडलो नाही पण थांबलो होतो.

नावांबद्दल रानजाईंनी लिहिलंय ते फार जवळचं वाटलं. माझ्या बिल्डिंगमध्ये खाली कोड दाबून आत यायचं, जिन्यात बोंजूर म्हणायचं, संपलं. शेजारच्या आजींचं नाव मला टपालपेटीवर वाचून कळलं. चार वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो, त्यांच्या खोकल्यावरून थंडी कधी सुरू झाली ते मला कळायचं. मागच्या हिवाळ्यात एक दिवस टपालपेटीवर दुसरंच नाव होतं. कुणाला विचारायचं तेही माहीत नाही. लोकांना पॅरिस म्हणजे प्रेमाचं शहर वाटतं, या सिनेमातलं रिकामं घर, भिंतीवर फर्निचर काढल्याचे डाग, कोपऱ्यात पांढरी चादर टाकलेला ढीग, ते मला खरं पॅरिस वाटतं. किंवा कुठलंही मोठं शहर.

पारिजात

सेनकाठी, हे वाचून गलबलून आलं. काळजी घ्या. आणि गावी फोन करत जा.

क्लॅपवाली

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मी मालिकांमध्ये असिस्टंट डायरेक्टर होते, मुंबईत आणि ठाण्याला घोडबंदरच्या बाजूला सेटवर, सात वर्षं. कुठली मालिका ते सांगत नाही. एक सीन होता, सासू सुनेला थोबाडीत मारते. रिहर्सलला हात हवेत फिरवायचा ठरलं होतं. टेकच्या आधी डायरेक्टरनी सासूचं काम करणाऱ्या ताईंना बाजूला घेऊन सांगितलं की खरी मार, पोरीला सांगू नको, रिअॅक्शन नॅचरल येईल. मी शेजारीच उभी होते, मला ऐकू आलं. क्लॅप मीच दिली.

खरी मारली. मुलगी आधी कॅमेऱ्याकडेच बघायला लागली, म्हणजे सीन चालूच आहे का काही चुकलं हे तिला कळेना, मग डोळ्यांत पाणी आलं आणि ती डायलॉग बोलली. ओके टेक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. ताई जाऊन तिला जवळ घ्यायला लागल्या तर ती इट्स ओके इट्स ओके म्हणत राहिली. लंचला ती व्हॅनिटीत एकटीच बसली, स्पॉटदादा ताट घेऊन गेले ते तसंच परत घेऊन आले. वीस वर्षांची होती, पहिलंच मोठं काम. त्या एपिसोडचा प्रोमो तोच सीन दाखवून चालवला.

लोक म्हणतात कलेसाठी. काकांना दुखवायचं नाही पण मी जवळून बघितलंय म्हणून सांगते, जिला अभिनय येतो तिला सांगून केलं तरी अश्रू येतात. न सांगता करणाऱ्याचा तिच्या अभिनयावर विश्वास नसतो, एवढंच असतं ते. मारियाला याच सिनेमाच्या बाकीच्या भागात बघा ना, पॉलच्या मूडप्रमाणे तिचा चेहरा कसा बदलतो, कधी लहान मुलीसारखी खिदळते, कधी त्याला तोडीस तोड उत्तर देते, होणाऱ्या नवऱ्यासमोर, टॉमसमोर, तर वेगळीच मुलगी असते. ती चांगली नटी होती. त्या एका दिवशी तिला नटी राहू दिलं नाही.

सदाशिव_७१

क्लॅपवाली, दुखावलो नाही. उलट हा मुद्दा माझ्या कधीच डोक्यात आला नव्हता, आणि मी चाळीस वर्षं सिनेमे बघतोय. ब्रँडोबद्दल मी अख्खा परिच्छेद लिहिला आणि मारियाच्या अभिनयाबद्दल एक ओळ नाही, हे तुमचं वाचल्यावर दिसलं.

आत्ता परत लावला. टॉम, म्हणजे ज्याँ-पिएर लेओ, तो सतत तिच्यावर फिल्म काढत असतो. स्टेशनवर तिला जवळ घेतो आणि मागे कॅमेरा चालूच, तिला आधी सांगितलेलं नाही. ती चिडते, मला विचारायला हवं होतंस म्हणते. एवढी वर्षं मला हा विनोदी भाग वाटायचा. म्हणजे बर्तोलुच्चीला कळत होतं. सिनेमात लिहायला कळत होतं.

मंजिरी_क

काका, हे मला सुचलं नव्हतं. बरोबर आहे.

एकटा_डोंबिवलीकर

मी सिनेमा पाहिलेला नाही, रानजाई ताईंच्या वडिलांचं वाचून लिहितोय. माझी मिसेस तीन वर्षांपूर्वी गेली, कोणत्या कारणानं ते लिहीत नाही, पण अचानक. मला त्या वेळी सगळे म्हणायचे तुम्ही किती धीराचे. मी धीराचा नव्हतो, मी चिडलेलो होतो. रिटायर झाल्यावर काश्मीरला जायचं ठरलेलं, आणि ही निघून गेली. नंतर एक बाई ओळखीच्या झाल्या, त्याही एकट्या, आम्ही भेटायला लागलो. मी त्यांच्याशी फार वाईट वागलो. हात उचलला नाही कधी, पण बोलण्यानं. त्या काही चांगलं करायला गेल्या की मी काहीतरी लागेल असं बोलायचो. मिसेसचं नाव त्यांच्यासमोर घ्यायचं नाही आणि त्यांनी घ्यायचं नाही असं मी सांगून ठेवलं होतं. सहा महिन्यांनी त्या यायच्या बंद झाल्या, बरोबरच केलं त्यांनी. तुमचा धागा वाचताना ते सगळं समोर आलं. बघावा का हा सिनेमा मी?

रानजाई

दादा, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल काय बोलू. शक्य असेल तर त्या बाईंना एक पत्र लिहा, उत्तराची अपेक्षा न ठेवता.

सिनेमा एकट्यानं रात्री नको, दिवसा बघा, घरात कुणीतरी असताना, आणि नंतर बोलायला माणूस असू द्या. मुलांशी बोलता का? नाहीतर सरळ समुपदेशकाकडे जा, माझे बाबा जातायत, आधी खूप कटकट केली आणि आता स्वतःच वेळ घेतात. आणि फ्लॅटमधला जमिनीवरचा तो सीन पुढे ढकला. मी आता ढकलते. त्याशिवाय सिनेमात काहीही कमी पडत नाही, हे मी बघून सांगतेय.

शेवट मात्र बघा. फुलांमधल्या त्या रात्रीनंतर पॉल मोकळा होतो. पुलाजवळ झानला परत गाठतो आणि सगळं सांगून टाकतो, वय, हॉटेल, बायको गेली, आता आपण नीट राहू या. आणि ती घाबरते. कारण ज्या माणसानं इतके दिवस तिला नाव सुद्धा विचारलं नाही, तो आज एकदम संसार मांडायला निघालाय, त्याचं त्याचं ठरवून. त्याचं दुःख संपलं म्हणून तिनं पण तयार व्हायचं. टँगोच्या स्पर्धेत दारू पिऊन धिंगाणा, मग तो तिच्या मागे धावत तिच्या आईच्या घरापर्यंत येतो, तिच्या सैन्यातल्या वडिलांची टोपी डोक्यावर घालतो आणि नाव विचारतो. पहिल्यांदा. ती झान म्हणते आणि वडिलांच्याच पिस्तुलातून गोळी झाडते. तो बाल्कनीत जातो, तोंडातलं च्युइंगगम काढून कठड्याखाली चिकटवतो आणि पडतो. ती पोलिसांना काय सांगायचं ते पुटपुटत राहते, मी याला ओळखत नाही, याचं नाव माहीत नाही. आणि ते जवळजवळ खरंच असतं.

एकटा_डोंबिवलीकर

मुलीला सांगितलंय, रविवारी येते म्हणाली. पत्राचं बघतो.

बाबा कसे आहेत आता? त्या गाण्याच्या क्लासच्या बाईंना भेटलात का कधी?

रानजाई

हो. मागच्या गुरुवारीच. बाबाच म्हणाले जाऊन येऊ. दोन खोल्यांची जागा, सतरंजी, दोन तानपुरे, चार बायका आणि एक शाळेतली मुलगी. बाईंना आई गेल्याचं माहीतच नव्हतं, त्यांना वाटलं क्लास सोडला असेल. त्यांनी कपाटातून आईची वही काढून दिली, कव्हर घातलेली. बाबा चष्मा घरी विसरले होते म्हणून मी उघडून वाचायला लागले. पहिल्या पानावर यमन, तारीख, आणि वर कोपऱ्यात तिनं नाव घातलं होतं, ते माहेरचं. लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलं ते नाही, आधीचं. चाळीस वर्षांत आमच्या घरात कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती.

बाबांनी वही माझ्याकडून घेतली आणि रिक्षात मांडीवर धरून बसले.